विषाणू पेशीच्या कोणत्या बाजूने शिरतो, हे प्रयोगाने कसे ठरवावे

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून प्रकल्पासाठी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत गेलेल्या विद्यार्थ्याला ‘अमुक विषाणू पेशीत कसा शिरतो?’ असे विचारले, तर तो बहुधा त्या विषाणूच्या ग्राहीचे, म्हणजे पेशीवरच्या ज्या रेणूला विषाणू चिकटतो त्याचे, नाव सांगतो आणि थांबतो. हे उत्तर चूक नसते, पण अपुरे असते. आपल्या श्वासमार्गाचे, आतड्याचे आणि मूत्रमार्गाचे अस्तर ज्या अभिस्तर पेशींचे बनलेले असते, त्या पेशींना दोन वेगवेगळ्या बाजू असतात. एका बाजूवर असलेला ग्राही दुसऱ्या बाजूवर असेलच असे नाही, आणि बाहेरून आलेला विषाणू ज्या बाजूला पोहोचतो तिथे त्याचा ग्राही नसेल, तर त्या घडीला तो ग्राही असून नसल्यासारखाच. म्हणून विषाणूचा प्रवेश अभ्यासताना ‘कोणत्या ग्राहीतून?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या बाजूने?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो प्रयोगातून कसा विचारायचा, त्यासाठी पेशी कशा वाढवायच्या, संसर्ग दोन्ही बाजूंनी कसा करायचा आणि हाती आलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, हे पुढे लिहिले आहे.

आधी पेशी ओळखा

ध्रुवीय, म्हणजे दोन वेगळ्या बाजू असलेल्या अभिस्तर पेशीची जी बाजू पोकळीकडे, म्हणजे हवा, अन्न किंवा मूत्र जिकडे असते तिकडे तोंड करून असते, तिला एपिकल बाजू म्हणतात. शेजारच्या पेशींना आणि खालच्या आधारपटलाला लागून असलेली बाजू ती बेसोलॅटरल. या दोन बाजूंच्या सीमेवर प्रत्येक पेशीला वेढणारा टाइट जंक्शनचा पट्टा असतो. क्लॉडिन, ऑक्लुडिन आणि जॅम-ए ही प्रथिने त्या पट्ट्यात असतात व आतल्या बाजूने झेडओ-१ सारखी प्रथिने त्यांना पेशीच्या ॲक्टिन-सांगाड्याशी बांधून ठेवतात. हा पट्टा दोन पेशींच्या फटीतून कण खाली जाऊ देत नाही, आणि त्याच्यामुळे एका बाजूच्या पटलातली प्रथिने दुसऱ्या बाजूला वाहतही जात नाहीत. पट्ट्याच्या लगेच खाली ई-कॅडहेरिन आणि नेक्टिन या प्रथिनांचा दुसरा सांधा असतो. ही नावे आधीच लक्षात ठेवावीत, कारण यांतली बरीचशी प्रथिने कुठल्या ना कुठल्या विषाणूची ग्राही आहेत.

कोकणातल्या जुन्या घराला पुढचे अंगण असते आणि मागीलदार असते. अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात मागीलदाराची किल्ली असावी, अशी अनेक विषाणूंची अवस्था असते. काहींची किल्ली पुढच्या दाराला लागते, काही घराला वळसा घालून मागे जातात, आणि काही पुढच्या भिंतीला हात लावून आतल्यांकडूनच वाट मोकळी करून घेतात.

प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींवर हा फरक दिसत नाही. तिथे पेशीची खालची बाजू प्लास्टिकला चिकटलेली असते, पोषक माध्यम फक्त वरून मिळते आणि विषाणूही वरूनच टाकला जातो, त्यामुळे खालून संसर्ग करून पाहण्याची सोयच नसते. शिवाय पेशी विरळ असताना त्यांच्यात टाइट जंक्शन पुरते तयार झालेले नसते. अशा वेळी एरवी खाली दडलेला ग्राही उघडा पडतो, विषाणू सहज शिरतो आणि ‘हा विषाणू या पेशींना उत्तम संसर्ग करतो’ असे वहीत लिहिले जाते. शरीरातल्या घट्ट अस्तरासमोर तोच विषाणू अडून बसू शकतो.

प्रयोगाआधी कागदावर नकाशा काढा

ज्या विषाणूवर काम करायचे आहे, त्याच्याबद्दल तीन गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात: तो शरीरात अस्तराच्या कोणत्या बाजूला प्रथम पोहोचतो, त्याचा ग्राही पेशीच्या कोणत्या बाजूला असतो, आणि नवे विषाणूकण कोणत्या बाजूने बाहेर पडतात. या कामाला उपकरण लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि ते दापोलीच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातही तितकेच चांगले होऊ शकते. तीन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत तिथेच प्रयोग करण्याजोगा प्रश्न असतो.

सोपे उदाहरण इन्फ्लुएन्झाचे. त्याचा ग्राही म्हणजे पेशीवरील शर्करासाखळ्यांच्या टोकाचे सायलिक आम्ल, जे श्वासमार्गातल्या पेशींच्या एपिकल बाजूवर भरपूर असते. विषाणू हवेतून त्याच बाजूला येतो आणि त्याच बाजूने बाहेर पडतो. एन्रिके रॉड्रिग्ज-बुलान आणि डेव्हिड साबातिनी यांनी १९७८ मध्ये दाखवले की, एमडीसीके या कुत्रीच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींतून इन्फ्लुएन्झाचे कण एपिकल बाजूने, तर व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचे कण बेसोलॅटरल बाजूने बाहेर येतात. पेशीतल्या प्रथिनांची बाजूवार वाटणी कशी होते, या अभ्यासाला त्या निरीक्षणाने दिशा दिली. पुढे १९८४ मध्ये हाच व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू शिरतोसुद्धा प्रामुख्याने बेसोलॅटरल बाजूनेच, हे दिसून आले.

गोवराची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. हा विषाणू श्वासावाटे येतो, म्हणून तो प्रथम श्वासमार्गाच्या अस्तराला वरून संसर्ग करतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००० मध्ये प्रतिकारपेशींवरील सीडी-१५० हा त्याचा ग्राही आहे हे कळले, आणि २०११ मध्ये अभिस्तर पेशींवरील ग्राही नेक्टिन-४ असल्याचे स्पष्ट झाले. नेक्टिन-४ हा ई-कॅडहेरिनच्या सांध्याजवळ, म्हणजे बेसोलॅटरल बाजूला असतो. त्यामुळे आज जे चित्र स्वीकारले जाते, ते असे आहे की, फुप्फुसातल्या प्रतिकारपेशी विषाणूला आत नेतात, तो लसिका ऊतींमध्ये वाढून रक्तावाटे पसरतो, मग अस्तराच्या पेशींना खालून संसर्ग करतो आणि वरच्या बाजूने बाहेर पडून खोकल्यातून दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचतो. यात नवख्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. लसीतले आणि प्रयोगशाळेत रुळलेले गोवराचे वाण सीडी-४६ हा जवळजवळ सर्व पेशींवर असणारा ग्राहीसुद्धा वापरू शकतात. म्हणजे वाण बदलला की प्रवेशाचे उत्तर बदलू शकते. विषाणूचे नाव लिहिताना वाणाचे नाव न लिहिणे हा मोठा दोष आहे.

ॲडिनोव्हायरसचा ग्राही ‘कार’ १९९७ मध्ये ओळखला गेला. हे प्रथिन मुख्यतः शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या भागात असते. नव्वदच्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या जनुकोपचारासाठी ॲडिनोव्हायरस श्वासमार्गात सोडला गेला, तेव्हा जनुक पोहोचण्याचे प्रमाण निराशाजनक का राहिले, याचे एक महत्त्वाचे कारण इथे आहे: विषाणू वर होता आणि ग्राही खाली. कॅल्शियम काढून घेऊन पेशींचे सांधे सैल केले की प्रवेश वाढतो, हे प्रयोगांत दिसले. संसर्ग झालेल्या पेशी या विषाणूचे फायबर प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवून खालच्या बाजूला सोडतात, आणि ते प्रथिन दोन पेशींमधील ‘कार’ची पकड सोडवते, त्यातून नव्या कणांना वर पोकळीत जायची फट मिळते.

माझ्या मते या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर उदाहरण मात्र कॉक्सॅकी-बी गटाच्या विषाणूंचे आहे. यांचाही मुख्य ग्राही ‘कार’च, आणि हे विषाणू तर अन्नपाण्यातून आतड्याच्या पोकळीत, म्हणजे एपिकल बाजूला येतात. मग ते टाइट जंक्शनमध्ये दडलेल्या ग्राहीपर्यंत जातात कसे? कॅरोलिन कॉइन आणि जेफ्री बर्गेलसन यांनी २००६ मध्ये आतड्याच्या काको-२ पेशींवर याचे उत्तर दिले. विषाणू प्रथम एपिकल बाजूवरील डीएएफ या प्रथिनाला चिकटतो. अनेक डीएएफ रेणू एकत्र ओढले गेले की पेशीतील एबल हे किनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे प्रथिन) जागे होते, त्यातून रॅक हे प्रथिन कार्यरत होते, ॲक्टिनची रचना बदलते आणि विषाणू पृष्ठभागावरून सरकत टाइट जंक्शनपर्यंत नेला जातो. तिथे ‘कार’शी गाठ पडल्यावर विषाणूच्या कवचाचा आकार बदलतो. डीएएफमुळेच जागे झालेले फिन हे दुसरे किनेज कॅव्हिओलिन या पेशीपटलातल्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि विषाणू पटलाच्या कॅव्हिओलिनयुक्त पिशवीतून आत जातो. जे कॉक्सॅकी वाण डीएएफला चिकटत नाहीत, ते अशा घट्ट थरात वरून शिरू शकत नाहीत. सांधे सैल केले की शिरतात. पेशीनेच विषाणूला दारापर्यंत नेऊन सोडावे, ही घटना बाजूचा विचार न करता केलेल्या कोणत्याही प्रयोगात सापडली नसती.

आतड्यातल्या रिओव्हायरसने वेगळी वाट काढली आहे. त्याचा ग्राही जॅम-ए टाइट जंक्शनमध्ये असतो. विषाणू आतड्यातल्या लसिका ऊतींच्या पुंजक्यांवरील, म्हणजे पायर्स पॅचवरील, कण आरपार नेणाऱ्या एम पेशींतून पलीकडे वाहून नेला जातो आणि तिथून शेजारच्या अभिस्तर पेशींना खालून गाठतो.

पेशी आणि विषाणू निवडताना

एमडीसीके ही सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी) मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडापासून तयार केली. ती चार-पाच दिवसांत घट्ट थर देते, म्हणून शिकण्यासाठी सर्वांत सोयीची. तिचे दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवावे: पहिल्या प्रकाराचा विद्युतरोध हजारांच्या घरात जातो, तर दुसऱ्याचा शंभराच्या आसपास राहू शकतो, आणि तरीही दोन्ही ध्रुवीयच असतात. मानवी आतड्यासाठी काको-२ घ्यावी, पण तिला पूर्ण परिपक्व व्हायला सुमारे २१ दिवस लागतात. श्वासमार्गासाठी काल्यू-३ ही सेल लाइन वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून सेल लाइन मागवता येतात. मित्राच्या प्रयोगशाळेतून आणलेली, कितव्या पिढीची हे माहीत नसलेली नळी या कामाला वापरू नये, कारण जुन्या पेशी ध्रुवीयता हरवतात.

विषाणूच्या बाबतीत जैवसुरक्षा स्तर-२ ची सोय, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आणि प्रशिक्षित मार्गदर्शक या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय सुरुवातच करू नये. हे काम महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत करण्याचे नाही. पोलिओचा विषाणू तर, लसीतला असला तरी, शिकण्याच्या कामासाठी मागूच नये. जगभर त्याचे साठे बंदिस्त करण्याचे काम चालू आहे. पहिल्या प्रयोगासाठी जिवंत विषाणूऐवजी चमकणारे प्रथिन किंवा डेक्स्ट्रान (शर्करेची लांब साखळी) घेऊन दोन्ही बाजूंचा सराव करावा.

फिल्टरवर थर वाढवणे

या प्रयोगाचा आधार म्हणजे छिद्रमय फिल्टर असलेला छोटा कप, ज्याला सगळे ट्रान्सवेल किंवा नुसते इन्सर्ट म्हणतात. पेशी फिल्टरवर बसतात; कपातले माध्यम एपिकल बाजूला आणि खालच्या वेलमधले, म्हणजे प्लेटच्या खळग्यातले, माध्यम बेसोलॅटरल बाजूला लागते. ६.५ मिलिमीटर व्यासाच्या इन्सर्टमध्ये वर साधारण १०० आणि खाली ६०० मायक्रोलिटर माध्यम लागते. पॉलिएस्टरचे फिल्टर पारदर्शक असल्याने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहता येतात, म्हणून नवख्याने तेच घ्यावेत. छिद्राचा व्यास ठरवताना विषाणूचा आकार पाहावा. ०.४ मायक्रोमीटरचे छिद्र म्हणजे ४०० नॅनोमीटर. कॉक्सॅकी सुमारे ३० आणि ॲडिनोव्हायरस सुमारे ९० नॅनोमीटरचा असल्याने ते त्यातून जातात. पण जाऊ शकतात याचा अर्थ सहज जातात असा नव्हे, कारण फिल्टरच्या क्षेत्रफळाचा थोडाच भाग छिद्रांचा असतो. ३ मायक्रोमीटरच्या छिद्रांतून विषाणू सहज जातो, पण त्यांतून काही पेशी खाली उतरून फिल्टरच्या पाठीवरही वाढू शकतात, आणि मग वर-खाली हा भेदच उरत नाही.

पेशी दाट पेराव्यात, माध्यम एक दिवसाआड बदलावे, आणि बदलताना पिपेटचे टोक फिल्टरला लागू देऊ नये. आधी खालचे माध्यम काढावे, मग वरचे. भरताना आधी वरचे भरावे, म्हणजे खालून दाब येऊन थर उचलला जात नाही.

थर घट्ट झाला की नाही, हे पेशींच्या आरपार विद्युतरोध मोजून कळते. याला प्रयोगशाळेत ‘टीर’ म्हणतात. दोन काड्यांच्या इलेक्ट्रोडची एक काडी कपात आणि दुसरी बाहेर धरून रोध मोजावा, त्यातून पेशी नसलेल्या रिकाम्या फिल्टरचा रोध वजा करावा आणि उरलेल्या आकड्याला फिल्टरच्या क्षेत्रफळाने गुणावे. समजा, ०.३३ चौरस सेंटिमीटरच्या इन्सर्टवर १००० ओहम आले आणि रिकाम्या फिल्टरवर १२० ओहम, तर ८८० गुणिले ०.३३ म्हणजे सुमारे २९० ओहम-चौरस सेंटिमीटर. गुणायचे, भागायचे नाही. इथे पुष्कळांची गल्लत होते. तापमानाप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून प्लेट इनक्युबेटरमधून काढल्यावर दर वेळी तितकाच वेळ थांबून मगच मोजणी करावी.

केवळ टीरवर विसंबू नये. ज्या प्रकारच्या एमडीसीकेचा रोध मुळातच कमी असतो, तिथे कमी आकडा म्हणजे गळका थर असे म्हणता येत नाही. सोबत चमकणारे डेक्स्ट्रान वर टाकून ते काही वेळाने खाली किती उतरले हे मोजावे, आणि एखादा फिल्टर झेडओ-१ च्या प्रतिपिंडाने रंगवून पेशींभोवतीची जाळी सलग आहे का ते पाहावे. सोडियम-पोटॅशियम एटीपेज हे प्रथिन फक्त बेसोलॅटरल बाजूला दिसले, तर पेशी खरोखर ध्रुवीय झाल्या असे मानायला हरकत नाही.

किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळेसाठी थोडे वेगळे सांगणे भाग आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतली आर्द्रता आणि बुरशीचे बीजाणू इतके असतात की, २१ दिवस चालणारी काको-२ची लागवड त्या महिन्यांत सुरू करणे मी टाळायला सांगेन. करायचीच असेल तर इनक्युबेटरमधल्या पाण्याची परात दर आठवड्याला निर्जंतुक पाण्याने भरावी आणि खोलीत पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत. वादळवाऱ्यात वीज जाते, तेव्हा तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ढळतात. वीज परत आल्यावर टीर पुन्हा मोजल्याशिवाय तो थर संसर्गासाठी वापरू नये.

दोन्ही बाजूंनी संसर्ग

एका फिल्टरवरील पेशी ट्रिप्सिनने सोडवून मोजाव्यात आणि त्यावरून दर पेशीमागे किती विषाणूकण द्यायचे ते ठरवावे. प्लास्टिकवरच्या पेशीसंख्येचा अंदाज इथे चालत नाही, कारण फिल्टरवर पेशी उंच आणि दाट असतात. एपिकल संसर्गासाठी विषाणू कपात टाकावा. बेसोलॅटरल संसर्गासाठी इन्सर्ट निर्जंतुक पॅराफिल्मवर ठेवलेल्या विषाणूच्या थेंबावर बसवावा, किंवा इन्सर्ट उलटा करून फिल्टरच्या पाठीवर थोडा विषाणू द्यावा. दोन्ही बाजूंना विषाणूची मात्रा सारखी असावी. प्लेट आधी तासभर ४ अंश सेल्सिअसला ठेवली, तर विषाणू चिकटतो पण आत जात नाही. मग धुऊन ३७ अंशांवर आणले की सगळ्या पेशींतला प्रवेश एकाच वेळी सुरू होतो.

आता खरे महत्त्वाचे, म्हणजे कंट्रोल, निकाल पडताळण्यासाठी सोबत चालवायचे तुलनेचे प्रयोग. वरून दिलेला विषाणू गळतीतून खाली गेला आणि तिथून शिरला, तर निकाल उलटा निघेल. यासाठी समोरच्या कप्प्यात त्या विषाणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड ठेवावे. गळालेला कण तिथेच थांबतो. दुसरा कंट्रोल म्हणजे ईजीटीए वापरून कॅल्शियम काढलेला, मुद्दाम सांधे सैल केलेला थर. घट्ट थरात वरून न शिरणारा विषाणू इथे शिरला, तर ग्राही खाली आहे हा तर्क बळावतो. तिसरा कंट्रोल बहुतेक जण करत नाहीत, पण माझा त्यावर आग्रह आहे: खालून संसर्ग कमी दिसला, तर विषाणू फिल्टरच्या छिद्रांतून पेशींपर्यंत पोहोचलाच नाही, असेही असू शकते. म्हणून खालून निश्चित शिरणारी एखादी गोष्ट सोबत चालवावी. ट्रान्सफेरिनचा ग्राही बेसोलॅटरल असतो, त्यामुळे काको-२ च्या थराला खालून चमकणारे मानवी ट्रान्सफेरिन दिले तर ते आत गेलेले दिसायला हवे. अर्थात ट्रान्सफेरिन विषाणूपेक्षा कितीतरी लहान असते, तेव्हा मोठ्या विषाणूसाठी तेवढ्याच आकाराचे कण रिकाम्या फिल्टरमधून जातात का, हेही तपासावे.

रोटाव्हायरसवर काम करणाऱ्यांनी एक तपशील सांभाळावा. या विषाणूचे व्हीपी-४ प्रथिन ट्रिप्सिनने कापले गेल्याशिवाय तो नीट शिरत नाही, आणि माध्यमातले सीरम ट्रिप्सिनला निकामी करते. म्हणून विषाणूला ट्रिप्सिनची प्रक्रिया आधी वेगळी करावी आणि संसर्ग सीरमविरहित माध्यमात करावा. सायलिक आम्लावर अवलंबून असणारे रोटाव्हायरसचे वाण ध्रुवीय पेशींत फक्त वरून, तर अवलंबून नसणारे दोन्ही बाजूंनी शिरतात, असे २००१ मध्ये दाखवले गेले आहे. भारतात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आलेली रोटाव्हायरसची लस तोंडावाटे दिली जाते, म्हणजे तिच्यातला जिवंत विषाणूही याच अस्तरासमोर वरून येऊन उभा राहतो. अंगणवाडीत बाळाला ते थेंब पाजताना पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रयोगाचा अर्थ चटकन कळावा.

आत जाण्याची वाट

बाजू ठरली की मगच वाटेकडे वळावे. विषाणूला आम्लधर्मी पिशवीची गरज आहे का, हे बॅफिलोमायसिन ए-१ किंवा अमोनियम क्लोराइडने कळते. पिशवी पटलापासून सुटण्यासाठी डायनॅमिन हे प्रथिन लागते का, हे डायनासोर (dynasore) या रोधकाने. कोलेस्टेरॉलचा संबंध आहे का, हे मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने. प्रत्येक रोधक त्या मात्रेत पेशींना मारत नाही ना आणि टीर खाली आणत नाही ना, हे विषाणूशिवाय आधी तपासावे. सांधेच सैल करणारा रोधक वापरून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी असतो.

ॲक्टिनबद्दल विशेष सांगितले पाहिजे. सायटोकॅलेसिन-डी ने ॲक्टिन मोडले, तर एमडीसीके पेशींत एपिकल बाजूने पिशव्या आत जाणे मंदावते, पण बेसोलॅटरल बाजूने फारसा फरक पडत नाही, हे १९९३ मध्येच दिसले होते. त्याला जुळणारी गोष्ट इन्फ्लुएन्झात आढळली: ध्रुवीय पेशींत शिरायला त्याला ॲक्टिन लागते, अध्रुवीय पेशींत तसे लागत नाही. म्हणजे तोच विषाणू आणि तेच रोधक घेऊन एकाने फ्लास्कमध्ये आणि दुसऱ्याने फिल्टरवर प्रयोग केला, तर दोघांची उत्तरे परस्परविरोधी येतील आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

आत गेलेला आणि नुसता चिकटलेला विषाणू वेगळा ओळखण्यासाठी ठरावीक वेळी बाहेरचे कण प्रतिपिंडाने, किंवा विषाणूला सोसत नसेल तर सौम्य आम्लाने धुऊन निकामी करावेत. कॉक्सॅकीसारखे आतड्याचे विषाणू आम्लाला दाद देत नाहीत, तिथे ही युक्ती चालत नाही. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर वरून घेतलेले चित्र पुरत नाही. उभा छेद काढून कण झेडओ-१ च्या रेषेच्या वर आहे की खाली, हे दाखवावे लागते.

निकाल कुठवर ताणावा

कोकणातल्या दोन रोगांच्या संदर्भात हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून आढळलेल्या माकडतापाचा विषाणू गोचीड चावल्याने थेट त्वचेच्या आत उतरतो. तिथे पहिल्या पायरीला अस्तराची बाजू हा प्रश्नच उद्भवत नाही. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू मात्र उत्तम प्रश्न आहे. कोळंबी तो खाद्यातून गिळते, पण मध्यांत्राच्या अभिस्तरात तो फारसा वाढत नाही, तर त्याखालच्या आणि इतर ऊतींत वाढतो. मग तो ते अस्तर आणि त्याखालचे आधारपटल ओलांडतो कसा? फिल्टरवर घट्ट थर देणारी कोळंबीची सेल लाइन सहज मिळत नसल्याने वर लिहिलेली पद्धत तिथे जशीच्या तशी लागू होत नाही. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी ऊतींचे छेद घेऊन वेळेनुसार विषाणू कुठे दिसतो हे पाहणे, हाच जवळचा मार्ग आहे.

सेल लाइनचा थर म्हणजे खरे अस्तर नव्हे. एमडीसीकेवर श्लेष्म नसते, पापण्यांसारखे हलणारे केस नसतात, एम पेशी नसतात. श्वासमार्गासाठी रुग्णांकडून संमतीने घेतलेल्या पेशी हवा-द्रव सीमेवर, म्हणजे वरचे माध्यम काढून टाकून, काही आठवडे वाढवल्या की केस आणि श्लेष्म दोन्ही येतात. मात्र मग विषाणू देण्याआधी श्लेष्म धुवायचे की ठेवायचे, हे ठरवून तसे स्पष्ट लिहावे लागते, कारण दोन्हींचे निकाल वेगळे येतात. आतड्याचे ऑर्गनॉइड, म्हणजे जेलमध्ये वाढवलेले ऊतीसारखे पेशीगोळे, वापरायचे असतील तर ते गोल असतात आणि त्यांची एपिकल बाजू आत कोंडलेली असते, हे विसरू नये. माध्यमात नुसता विषाणू मिसळला तर तो संसर्ग बेसोलॅटरल बाजूने झालेला असतो. एपिकल बाजू गाठण्यासाठी सूक्ष्म सुईने विषाणू पोकळीत सोडावा, किंवा ऑर्गनॉइडच्या पेशी सुट्या करून फिल्टरवर पसराव्यात, किंवा भोवतालचे जेल काढून त्यांना तरंगत ठेवावे, म्हणजे काही दिवसांत त्यांची बाजू उलटून एपिकल पृष्ठभाग बाहेर येतो. या तिन्हींपैकी फिल्टरची पद्धत मी आधी सुचवेन, कारण तिथे टीर मोजता येतो आणि समोरच्या कप्प्यात प्रतिपिंडही ठेवता येते.